मेलिफेराच्या पेट्यांत माइट झालेत का, ते कसं मोजायचं आणि मग औषध कोणतं

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. २२ पेट्या मेलिफेरा (युरोपियन मधमाशी), लातूरकडे, पावसाळ्यात पाक देऊन जगवल्यात, आता सप्टेंबरात पेट्यांसमोर पंख चुरगळलेल्या माशा जमिनीवर रांगताना दिसतायत, शेजारच्या मधपाळाने माइट (माशांवर जगणारा बारीक परजीवी किडा) मारायच्या औषधाच्या दोन-दोन पट्ट्या सगळ्या पेट्यांत टाकून मोकळं व्हा म्हटलंय, आणि नोव्हेंबरात पेट्या मोहरीवर राजस्थानला न्यायच्यात. पट्टी टाकू की फॉर्मिक ॲसिड, हे तुम्ही विचारताय. माझं म्हणणं असं की आज काहीच टाकू नका, उद्या सकाळी आधी मोजा. एवढंच सांगून थांबलो तर तुम्ही वैतागाल म्हणून नीट सगळं लिहितो.

आधी एक कबुली देतो. मी स्वतः सुरुवातीची चार वर्षं कधीच मोजलं नाही. पेटी उघडायची, फ्रेम म्हणजे पोळ्याची चौकट उचलायची, माशांवर लाल ठिपका दिसतो का बघायचं, नाही दिसला की "क्लीन आहे" म्हणून झाकण लावायचं. एका मार्चमध्ये मोहरीवरून ६० पेट्या घेऊन आलो, मध भरपूर, माशा खच्चून, मी खूश. ऑगस्ट संपेपर्यंत त्यातल्या २३ उरल्या. मला वाटलं पावसाने गेल्या, कुणी म्हणालं फवारणीने गेल्या, कुणी म्हणालं ट्रकमध्ये हादरून गेल्या. कुठल्याच पेटीसमोर मेलेल्या माशांचा ढीग नव्हता, पेट्या नुसत्या रिकाम्या होत गेल्या. फवारणीने मेल्या असत्या तर ढीग पडला असता ना. हे मला फार उशिरा कळलं.

डोळ्याने का दिसत नाही, तर वरोआ माइट माशीच्या पाठीवर क्वचितच बसतो. तो पोटाखाली, पोटाच्या पट्ट्यांच्या फटीत घुसून बसतो, तिथून तो माशीची चरबी खातो. पूर्वी सगळे म्हणायचे रक्त पितो, २०१९ मध्ये सॅम्युएल रॅमसी नावाच्या अमेरिकन संशोधकाने माशीला रंग चारून दाखवून दिलं की मुख्य खाणं चरबीच्या पेशींचं आहे. आणि ती चरबी म्हणजे माशीचं लिव्हर समजा, त्यावर तिची प्रतिकारशक्ती, आयुष्य, सगळं चालतं. पाठीवर बसलेला एक माइट तुम्हाला सहज दिसला तर समजायचं की पोटाखाली खूप आहेत. त्यातही पेटीत ब्रूड (अंडी, अळ्या, कोष) असताना बहुतेक माइट, दोन तृतीयांश किंवा जास्तच, माशांवर नसतातच, ते अळी-कोषांच्या मेणाने बंद झालेल्या घरांच्या आत असतात. तुम्ही जे बघताय ते म्हणजे घरातले लोक मोजायला गेलो आणि ओट्यावर बसलेले मोजून परत आलो तसं.

चुरगळलेले पंख दिसतायत म्हणजे विषाणू आलाय, पंख विकृत करणारा. माइट त्याची सुई आहे. हे लक्षण दिसतं तेव्हा साधारण उशीर झालेला असतो, पण म्हणून सगळ्या २२ पेट्या सारख्याच वाईट आहेत असं अजिबात नाही. माझ्या अनुभवात एकाच रांगेत एक पेटी १ टक्क्यावर (१०० माशांमागे १ माइट) आणि शेजारची ११ वर सापडलीये. सगळ्यांना सरसकट पट्टी टाकली की तुम्हाला कधीच कळणार नाही की कोणती राणी चांगली होती.

आता मोजायचं कसं. सर्वात भरवशाचं म्हणजे अल्कोहोलने धुणं. एक रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी, तिच्या तोंडाला २-३ मिलिमीटर भोकाची जाळी, पिठाची बारीक चाळणी नको, त्यातून माइट पडत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलमध्ये किंवा केमिकलच्या दुकानात मिळतं, नाही मिळालं तर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकले तरी काम होतं, फक्त फेस होतो त्यामुळे मोजताना वैताग येतो. आधी राणी शोधा. परत लिहितो, आधी राणी शोधा, ती ज्या फ्रेमवर आहे ती फ्रेम बाजूला ठेवा. मग उघडी, मोठी झालेली अळी ज्या फ्रेमवर आहे ती फ्रेम घ्या, कारण घर बंद व्हायच्या थोडं आधी माइट आत शिरतात, त्यामुळे ते त्या अळ्यांना भरवणाऱ्या नर्स माशांवर जास्त असतात. बाहेरून मध घेऊन येणाऱ्या माशा पकडल्या तर आकडा खोटा कमी येतो. फ्रेम एका टपात हलकेच झटका, उडणाऱ्या मोठ्या माशा उडून जाऊ द्या, टपाच्या कोपऱ्यात गोळा झालेल्या माशा अर्धा कप भरून घ्या, म्हणजे साधारण १२० मिली, त्यात अंदाजे ३०० माशा बसतात. पहिल्या वेळी एकदा त्या मेलेल्या माशा मोजून बघाच, म्हणजे तुमचा कप किती घेतो ते कळेल, माझा २७० घेत होता आणि मी दोन वर्षं ३०० धरून चाललो होतो.

बरणीत माशा बुडेपर्यंत अल्कोहोल, झाकण, एक मिनिट गोल गोल हलवा, मग जाळीतून पांढऱ्या ताटलीत ओता, परत थोडं ओतून एकदा आणखी धुवा. तपकिरी लालसर, चपटे, आडवे लांबट ठिपके तळाला बसतील, खेकड्यासारखे, दीड मिलिमीटरपेक्षा थोडे जास्त रुंद. मोजा. आकड्याला ३ ने भागलं की टक्के. ९ निघाले तर ३ टक्के. अल्कोहोल गाळून परत वापरता येतं, फेकू नका.

३०० माशा मारायच्या म्हटलं की आमच्याकडचे जुने मधपाळ तोंड वाकडं करतात, "जीव कशाला मारतोस बाबा" म्हणतात. मला पण सुरुवातीला हात धजायचा नाही. पण चांगली राणी हंगामात दिवसाला हजार, दीड हजार अंडी घालते, म्हणजे ३०० माशा ही तिची काही तासांची कमाई आहे, आणि न मोजल्यामुळे माझ्या ३७ पेट्या गेल्या त्या कुठल्या खात्यात लिहायच्या. तरी मनाला पटत नसेल तर पिठीसाखर आहे. त्याच बरणीत माशा, दोन मोठे चमचे पिठीसाखर, बरणी एक मिनिट हळू गोल फिरवा, दोन-तीन मिनिटं सावलीत ठेवा म्हणजे माशा गरम होऊन माइट सुटतात, मग बरणी उलटी करून जोरात ताटलीवर हलवा, साखरेवर पाणी शिंपडा, साखर विरघळते आणि माइट दिसतात. माशा पांढऱ्या भुतासारख्या होऊन परत पेटीत जातात, बाकीच्या त्यांना चाटून साफ करतात. फक्त हे पावसाळ्यात फसतं. दमट हवेत पिठीसाखर माशांवरच गोळा होते आणि माइट सुटतच नाहीत. कोकणात एकाने मला आकडा सांगितला ०, मी म्हटलं साखर हातात घे आणि फुंक मार, ती उडालीच नाही. त्यामुळे साखरेचा आकडा हा नेहमी कमी धरायचा, आणि कोरड्या दिवशी दुपारीच करायचा.

तिसरी पद्धत म्हणजे तळपाटावर जाळी आणि खाली तेल लावलेला पांढरा पुठ्ठा, दिवसाला किती माइट गळतात ते बघायचं. परदेशातले लोक यावर फार लिहितात पण आपल्याकडे याला एक देशी अडचण आहे, मुंग्या. पडलेले माइट मुंग्या उचलून नेतात, सकाळी पुठ्ठा स्वच्छ, आणि आपण समाधानी. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या किंवा जळक्या तेलाच्या वाट्या नसतील तर पुठ्ठ्यावर विश्वास ठेवू नका. पुठ्ठ्याचा खरा उपयोग औषध दिल्यावर, किती गळतायत ते बघायला.

२२ पैकी किती पेट्या तपासायच्या? मी तुमच्या जागी असतो तर सगळ्या केल्या असत्या, एका दिवसाचं काम आहे. वेळ नसेल तर निदान ८, त्यात रांगेच्या दोन्ही टोकांच्या नक्की घ्या कारण वाऱ्याने आणि चुकून माशा टोकाच्या पेट्यांत जास्त शिरतात, शिवाय ज्यांच्यासमोर रांगणाऱ्या माशा आहेत त्या आणि एक-दोन एकदम चांगल्या दिसणाऱ्या. चांगल्या दिसणाऱ्या विसरू नका हो, सर्वात जास्त माइट बऱ्याचदा सर्वात भरलेल्या पेटीत सापडतात, कारण तिथे ब्रूड सर्वात जास्त.

आकडा किती वाईट? मी २ टक्क्याला सावध होतो आणि ३ ला औषध करतो. उदाहरण घ्या, पेटीत २०,००० माशा आहेत आणि आकडा ३ टक्के आला, म्हणजे माशांवर ६०० माइट, आणि बंद घरांत त्याच्या दुप्पट म्हणजे १,२०० धरा, एकूण १,८००. ब्रूड चालू असेल तर ही संख्या साधारण महिन्याभरात दुप्पट होऊ शकते. मोहरीवर पोचेपर्यंत काय होईल याचा हिशोब तुम्हीच करा. तिथे भरतपूर, अलवरकडे सगळ्या राज्यांतून पेट्या येतात, माशांची जत्राच असते ती, आणि जत्रेत माइटपण फिरतात, कमजोर पेटी लुटायला दुसऱ्यांच्या माशा येतात आणि माइट घरी घेऊन जातात. स्वच्छ होऊन गेलात तरी घेऊन परत याल, पण आधीच भरून गेलात तर जानेवारीत पेटी बसते.

आता हे सप्टेंबरातच का दिसलं ते. पावसाळ्यात फुलोरा कमी, राणी अंडी कमी घालते, माशा कमी होतात, माइट मात्र तेवढेच राहतात. मग कमी घरांत जास्त माइट घुसतात, एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन. म्हणजे माइट अचानक वाढले नाहीत, माशा कमी झाल्या म्हणून गणित बिघडलं. माइटची मादी घर बंद झाल्यावर साधारण ६०-७० तासांनी पहिलं अंडं घालते, ते नराचं, पुढची मादीची, सुमारे ३० तासांच्या अंतराने. कामकरी माशीचं घर १२ दिवस बंद असतं, नराचं १४-१५, म्हणून नराच्या ब्रूडमध्ये तिची जास्त पोरं तयार होतात आणि ती तिकडे कितीतरी पटीने जास्त जाते. नराची बंद घरं काट्याच्या चमच्याने उचकटून बघा, गुलाबी डोळ्यांच्या कोषांवर लाल माइट ठळक दिसतो. हौशी माणसाला पटवायला याच्यापेक्षा चांगली गोष्ट नाही.

सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची, आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. महाबळेश्वरकडे ज्यांनी सातेरी पाळली त्यांना हा त्रास माहीतच नाही, कारण वरोआ हा मुळात सातेरीच्या जातीचाच जुना भाडेकरू. १९०४ मध्ये जावा बेटावर याच जातीच्या माशीवर तो पहिल्यांदा नोंदला गेला. सातेरीत तो मुख्यतः नराच्या घरातच वाढतो, कामकरी माशा एकमेकींना साफ करतात, माइटने भरलेलं नराचं घर वरून मेणाने गाडूनच टाकतात. त्यामुळे दोघांचं जमून गेलंय. मेलिफेरा युरोपातून आलेली पाहुणी, तिला हा भाडेकरू ओळखीचा नव्हता. २००० साली डेनिस अँडरसन आणि ट्रूमन यांनी दाखवलं की मेलिफेराला मारणारा हा वेगळ्या जातीचा वरोआ आहे, तेव्हा त्याला डिस्ट्रक्टर नाव पडलं. तेव्हा कुणी सातेरीच्या पेटीत पट्ट्या टाका म्हणत असेल तर ऐकू नका, सातेरीचे शत्रू म्हणजे मेणकिडा आणि पिशवीसारख्या अळ्या करणारा थाई सॅकब्रूड विषाणू, त्यांना पट्टीचा काही उपयोग नाही.

आणि आता जे तुमच्या शेजाऱ्याने सांगितलं नसणार ते. आपल्याकडे माइट एक नाही, दोन आहेत. दुसरा ट्रोपिलेलॅप्स, आम्ही नुसतं ट्रॉपी म्हणतो. हा आग्या माशीचा मूळचा, आणि आग्या आपल्याकडे प्रत्येक पाण्याच्या टाकीला लटकलेली असते. तो वरोआपेक्षा लहान, एक मिलिमीटरच्या आसपास, बारीक लांबट, आणि पळतो जोरात. याची गंमत अशी की त्याला मोठ्या माशीचं अंग टोचून खाता येत नाही, तो फक्त अळी-कोषांवर जगतो, ब्रूडशिवाय तो दोन-तीन दिवसांत मरतो. माशांवर फार थोडा वेळ बसतो, लगेच दुसऱ्या घरात. म्हणजे त्याची पिढी वरोआपेक्षा भराभर होते, आणि तुमचं अल्कोहोल त्याला फारसं पकडतच नाही! आकडा आला १ टक्का आणि ब्रूड मात्र सडकं, विस्कळीत, झाकणांना भोकं पडलेली, तर ट्रॉपी समजायचं. चुरगळलेले पंख दोन्हीत दिसतात.

ट्रॉपी शोधायला बंद ब्रूडची घरं उघडावी लागतात, १०० तरी. एक-एक घर उचकटत बसायला जीव जातो, म्हणून आता लोक चक्क पार्लरमधली केस काढायची वॅक्सची पट्टी वापरतात, बंद ब्रूडवर दाबायची आणि ओढायची, सगळी झाकणं एकदम निघतात आणि घरांतून पळणारे बारके किडे दिसतात. बायकोच्या ड्रॉवरमधून न विचारता घेऊ नका, मी अनुभवाने सांगतो. एवढं नको असेल तर ब्रूडची फ्रेम, माशा झटकून, पांढऱ्या ताटावर दोन-तीनदा आपटा, पळणारे किडे ताटावर दिसले तर ट्रॉपी आहे. नाही दिसले तर मात्र नाहीतच असं म्हणता येत नाही. युरोपातले लोक आत्ता कुठे याला घाबरायला लागलेत, आपण याच्यासोबत कधीपासून राहतोय.

आता औषध. तुमच्या हातात असलेल्या पट्टीबद्दल आधी. पट्ट्या मुख्यतः दोन प्रकारच्या दिसतात, फ्लुव्हॅलिनेटच्या आणि अमिट्राझच्या. दोन्ही चांगल्या होत्या. पण एकच पट्टी वर्षानुवर्षं टाकून जगभर माइट निर्ढावले, फ्लुव्हॅलिनेटच्या बाबतीत तर १९९० च्या दशकातच इटलीत हे झालं. तुमच्या शेजाऱ्याने पाच वर्षं तीच पट्टी टाकली असेल तर तुमच्याकडचे माइटही त्याच शाळेत शिकलेले आहेत. पट्टी टाकायचीच असेल तर ब्रूडच्या मध्ये, माशा अंगाने घासतील अशी, पाकिटावर लिहिलेले आठवडे पूर्ण झाले की काढा, पेटीत वर्षभर लटकत ठेवू नका, निर्ढावतात ते असेच. मधाचे सुपर (वरचे मधाचे कप्पे) असताना नाही. आणि प्लायवूडचे तुकडे शेतीच्या औषधात बुडवून घरी केलेल्या पट्ट्या, त्याबद्दल मला एक शब्द बोलायचा नाही, मेणात औषध उतरतं ते मेण वितळवून तुम्हीच परत पोळ्याच्या पायासाठीच्या मेणाच्या शीटला देता.

फॉर्मिक ॲसिड मला जास्त आवडतं कारण त्याची वाफ बंद घराच्या आत शिरते आणि आतला माइट मारते, ट्रॉपीवरही चालते. मिळतं सहज, रबराच्या चिकाला गोठवायला वापरतात म्हणून दोडामार्गकडे कॅनच मिळतात, ८५ टक्क्याचं असतं. उत्तरेकडे रूढ पद्धत म्हणजे छोट्या बाटलीत ५ मिली, तोंडातून कापसाची वात, तळपाटावर ठेवायची, रोज संध्याकाळी परत भरायची, १५ दिवस तरी, मी २१ करतो म्हणजे ब्रूडचं पूर्ण चक्र त्याखालून जातं. पण फॉर्मिक म्हणजे उष्णतेचा खेळ. थंडीत उडत नाही, ३० अंशांच्या वर गेलं की इतकं उडतं की राणी जाते. माझी चूक सांगतो. सोलापूरकडे सूर्यफुलावर होतो, एप्रिल, ४१ तापमान, घाईत सकाळी ११ वाजता १२ पेट्यांत एकदम जास्त डोस टाकला, संध्याकाळी सगळ्या माशा पेटीच्या बाहेर दाढीसारख्या लोंबत होत्या, पाच राण्या गेल्या. आता तुमच्याकडे सप्टेंबरात दुपार ३०-३१ असते, ती ठीक आहे पण काठावर, म्हणून सूर्य उतरल्यावर, दार पूर्ण उघडं ठेवून, कमजोर पेटीला निम्मा डोस. ऑक्टोबर हीट सुरू झाली की थांबा.

आणि ॲसिड हातावर सांडलं तर कातडी जाते, हे खरंच. ॲसिडचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, शेजारी पाण्याची बादली, ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. लोखंडाची डबी नको. मुलांना जवळ फिरकू देऊ नका.

ऑक्झॅलिक ॲसिडची गोष्ट वेगळी. १ लिटर एकास एक (साखर आणि पाणी सारखं) पाकात ३५ ग्रॅम, कोमट करून विरघळवायचं, दोन फ्रेमच्या मधल्या प्रत्येक फटीत ५ मिली सिरिंजने, एका पेटीला एकूण ५० मिलीच्या वर नाही. उरलेला पाक ठेवून देऊ नका. यात अडचण अशी की हे बंद घराच्या आत जात नाही, फक्त माशांवरचे माइट मारतं. युरोपात थंडीत ब्रूड नसतंच म्हणून त्यांना एका डोसमध्ये सगळे माइट मिळतात. आपल्याकडे राणी वर्षभर थोडंफार घालतेच, मग बरेच माइट घरात मजेत बसलेले असतात. यावर उपाय म्हणजे आपणच ब्रूड थांबवायचं. राणी छोट्या पिंजऱ्यात २४ दिवस ठेवा, म्हणजे नराचं ब्रूडसुद्धा बाहेर पडतं, सगळे माइट माशांवर आलेले असतात, तेव्हा ऑक्झॅलिक टाका. ट्रॉपी तर औषधाशिवायच उपाशी मरतो, तुमच्यासाठी हा खरा फायदा. २४ दिवसांत पेटी थोडी पातळ होते पण सप्टेंबरात पिंजरा लावला तर ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात राणी सुटते, आणि नोव्हेंबरच्या मध्याला मोहरीवर जाईपर्यंत पाच-सहा आठवडे मिळतात, चांगला पाक आणि परागाचं खाणं दिलं तर पेटी परत भरते. ज्या पेट्यांचं विभाजन करायचंच आहे त्यांना तर पिंजऱ्याची पण गरज नाही. राणी नसलेल्या भागाला पिकलेला राणीकोष (नवी राणी निघायला आलेला) द्या, ती राणी नरांशी जुळून अंडी घालेपर्यंत जुनं कामकरी ब्रूड जवळपास बाहेर पडतं, २० व्या-२१ व्या दिवशी नवीन ब्रूड अजून बंद झालेलं नसतं, तोच दिवस ऑक्झॅलिकचा.

थायमॉल पण आहे, ओव्याच्या वासाचं, काही लोकांना आवडतं, माशा वासाने नाराज होतात आणि मधाला वास लागू शकतो म्हणून मी जास्त वापरत नाही. गंधकाची भुकटी मात्र ट्रॉपीसाठी उत्तरेकडे जुनी आहे, फ्रेमच्या वरच्या पट्टीवर साधारण २०० मिलिग्रॅम, म्हणजे अगदी चिमूट, आठवड्याने परत. मूठभर टाकली की ब्रूड जातं, लोक मूठभर टाकतात.

तुमच्यासाठी प्लॅन असा करतो. उद्या मोजा. २ च्या खाली आलेल्यांना, ट्रॉपी नसेल तर, हात लावू नका, त्यांचे नंबर झाकणावर मार्करने लिहा, पुढच्या वर्षी राण्या त्यांच्याकडूनच काढायच्या. तुम्हाला मोहरीवर जायचंय म्हणून ३ ची वाट न बघता २ ते ५ च्या पेट्यांना संध्याकाळचं फॉर्मिक. ५ च्या वर आलेल्या आणि ट्रॉपी सापडलेल्यांत राणीला पिंजरा, २४ व्या दिवशी ऑक्झॅलिक. एकदम कमजोर, चार फ्रेमच्या खालच्या पेट्या सगळ्यांत शेवटी उपचार करा आणि सावध रहा, लुटालूट तिथूनच सुरू होते, दार लहान ठेवा, आणि बऱ्या पेटीत मिसळायच्या असतील तर उपचार झाल्यावरच.

औषध संपल्यावर १० दिवसांनी त्याच पेट्या परत मोजा, तीच बरणी, तोच कप. आधी ६ आणि नंतर ५ असेल तर औषध चाललं नाही, पुठ्ठ्यावर किती पडले हे मोजून खूश होऊ नका, पेटीत किती उरले ते बघा. आणि अजून तीन-चार आठवडे पंख चुरगळलेल्या माशा दिसतील, घाबरू नका, ज्या कोषात आधीच विषाणू गेला होता त्या बाहेर येतायत. तेवढ्यासाठी दुसरा डोस टाकणारे मी बघितलेत.

मोजल्यावर आकडे पाठवा, पेटीनुसार, आणि शेजाऱ्याकडच्या पट्टीच्या पाकिटावर आतल्या औषधाचं नाव काय लिहिलंय तेही वाचून सांगा, नुसतं "पांढरी पट्टी" म्हणू नका, पांढऱ्याच असतात बहुतेक.